सुतानं मोजलेली चेन

ताराचंद धकाते बसलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला. तोही कुठं, तर नागपूरजवळ वाडीच्या एका गोदामाच्या आवारात, लोखंडाच्या ढिगावर, भर उन्हात. ते कसं घडलं तेच सांगायचं आहे. पण मला सरळ सांगता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गावच्या शाळेत चार वर्गांना मिळून एकच गुरुजी, आणि त्यांनाही दुपारी बैल पाण्यावर न्यायला जावं लागे. गोष्ट अर्धी राहायची अन् दुसऱ्या दिवशी भलत्याच जागेपासून सुरू व्हायची. ती सवय मला लागली ती लागलीच.

तर ताराचंद. नागपूरच्या टिमकीतला, कोष्ट्याच्या घरचा. बाप, आजा, काका, सगळे हातमागावर लुगडी विणणारे. त्यांचा माग जमिनीत खड्डा करून मांडलेला असतो. खड्ड्याच्या काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे अन् पायफळ्या दाबत दिवस काढायचा. बापानं ताराचंदला दहाव्या वर्षी तिथं बसवला. पण त्याचे पाय कोणाचं ऐकणारे नव्हते. धोटा इकडून तिकडे जायच्या आतच हा फळी दाबून मोकळा. तासाभरात वीस धागे तोडायचा. शेवटी बापानंच हात धरून वर काढला अन् म्हणाला, "याले रस्त्यावर सोडा. हा बसणारा नाही."

आणि तो बसलाच नाही. जेवायचा उभ्यानं, चहा प्यायचा फेऱ्या मारत, सायकल हाणायचा सीटवरून उठून. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा राहायचा, म्हणजे बसायला नको. आधी ट्रकवर होता, मग रस्त्याच्या रोलरवर, आणि शेवटी ठेकेदार कृष्णकांत बाबूंच्या बुलडोझरवर ड्रायव्हर झाला. तिथं तर बसायला गादी होती. पण गादीवर डबा ठेवायचा अन् हा आपला उभा राहून दांडे ओढायचा. आमच्या गावची म्हातारी माणसं म्हणायची, "टांगा हाकून राहिला काय गा हा?"

आमचं गाव खाप्याहून कोसभर. अडुसष्ट सालच्या दिवाळीनंतर गावच्या नाल्यावर तलावाचा बांध घालायचं काम कृष्णकांत बाबूंना मिळालं, तेव्हा ते धूड आमच्याकडे आलं. लढाईच्या काळातलं अमेरिकी यंत्र, लढाई संपल्यावर लिलावात निघालेलं. बायांनी त्याला हळदीकुंकू लावलं, आणि ताराचंदलाही लावायला निघाल्या तर तो पळाला.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. बुलडोझर सकाळी नाल्याकडे निघाला तो माझ्या वावरातून. रस्ता तोच जवळचा, आणि नको म्हणायला मी घरी नव्हतो. हरभऱ्याच्या मधोमध पोचला अन् कडाड्कन आवाज झाला. डाव्या बाजूची चेन तुटली. चेन म्हणजे तो लोखंडी पट्टा, ज्यावर हे यंत्र चालतं. एकेक कडी वीतभर लांब, कडीला कडी जाड पिनेनं जोडलेली. ती पंधरावीस हात मागं पसरून पडली, आणि बुलडोझर माझ्या हरभऱ्यात बसला.

दोन दिवसांनी माझी बायको मनकर्णा मला विचारते, "हा पाव्हणा कधी उठून राहिला तुमचा?"

मी म्हटलं, "त्याच्या पायाले लागलं."

"मग दवाखान्यात न्या ना त्याले. आपला हरभरा काहून तुडवून राहिला?"

कृष्णकांत बाबू तिसऱ्या दिवशी जीपनं आले. धोतर सावरत चेनीभोवती एक चक्कर मारली अन् म्हणाले, "देख ताराचंद, नवीन चेन कुठं भेटली तर पैसे मी देतो. पण होळीपर्यंत. होळीपर्यंत मशीन चालू नाही झाली तर भंगारवाल्याले उचलून देतो. लोकं मले नवीन ट्रॅक्टर दाखवून राहिले. तुले काय फिकीर? घरी माग आहे ना तुमचा."

जीप गेली. ताराचंद वावरात या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरत होता. मी मागं मागं. शेवटी तो थांबला अन् म्हणाला, "गोविंदा, मी त्या खड्ड्यात परत नाही बसणार गा. मरीन मी तिथं. पाय बांधल्यासारखे होते मले."

एवढंच बोलला. पण त्या दिवसापासून मी त्याच्यासोबत फिरलो. माझ्या हरभऱ्याचीही भानगड होती, खोटं कशाला सांगू? पण हरभऱ्यासाठी माणूस दीड महिना सायकलच्या कॅरिअरवर बसत नाही.

आता अडचण काय होती ते सांगतो. या चेनी दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी. पण कोणाच्या पिनांमधलं अंतर कमी, कोणाचं जास्त. ते जुळलं नाही तर चेन दातेरी चाकावर चढत नाही. आपल्या यंत्राला कोणती लागते हे सांगणारी पितळी पट्टी कोणीतरी कधीच काढून नेली होती, आणि पुस्तक बाबूंनी पाहिलंच नव्हतं. म्हणजे माप घेऊनच शोधायचं.

दुसरा कोणी असता तर टेप घेतला असता. पण हा कोष्ट्याचा पोरगा. टिमकीला गेला, आईकडून खळ लावलेलं पक्कं सूत घेतलं, उजव्या बाजूची चेन ताणून त्यावर सूत धरलं, आणि दहा कड्यांच्या दहा पिनांवर दहा गाठी मारल्या. मी म्हटलं, "अरे, टेप आहे पाटलाकडं."

"टेपातले आकडे वाचणारा चुकते, गोविंदा. गाठ नाही चुकत. आमच्या घरी दोनशे वर्षं सुतानंच मोजून राहिले सारे."

ते सूत त्यानं गळ्यात घातलं. पिशवीत तुटलेल्या चेनीची एक कडी टाकली, दुकानदाराला नमुना दाखवायला. आणि आमची वरात निघाली.

पहिला आठवडा इतवारीतल्या लोहा ओळीत गेला. तिथं लोखंडाची अशी कोणतीही वस्तू नव्हती जी भेटत नाही, आमची चेन सोडून. एकानं आम्हाला तोफेचं चाक दाखवलं. मग कामठीला गेलो, छावणीच्या मागं लिलावाचा माल घेणारे व्यापारी होते तिथं. तिथं ताराचंदनं एका दिवसात सात गोदामं पाहिली, आणि मी सायकलीला टेकून सात चहा प्यालो. तो थांबतच नव्हता. दुकानदार 'नाही' म्हणायच्या आत हा पुढच्या दुकानात. एकदा तर मला विसरून निघून गेला, अन् दोन चौक पुढं गेल्यावर त्याला सायकल हलकी लागली म्हणून परतला.

"उतरलास काहून गा?"

"मी उतरलो? तू थांबला होतास, अन् चढायच्या आत उडालास!"

दुसऱ्या आठवड्यात वाडीला गेलो. अमरावती रोडवर ट्रकांची रांग, ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, धूळ. तिथं एका गोदामाच्या मागच्या आवारात बाबनराव म्हणून जाडेसे गृहस्थ खाटेवर बसलेले. फौजेचा लिलावातला माल घ्यायचे. त्यांनी पोत्यांचा एक ढीग बाजूला केला, आणि खाली दोन चेनी. नव्या कोऱ्या! वरचं ग्रीसही वाळून तसंच. ताराचंदचा श्वास मला ऐकू आला.

"याच मशीनच्या आहेत म्हणून सांगितलं होतं मले मिल्ट्रीवाल्यानं," बाबनराव म्हणाले. "वीस वर्षं झाली, कोणी विचारलं नाही. घेऊन जा."

ताराचंदनं गळ्यातलं सूत काढलं. पहिली गाठ पहिल्या पिनेवर धरली. दुसरी जराशी पुढं गेली. पाचवी बोटभर. दहावी गाठ तर दहाव्या पिनेच्या पुढं चांगली तीन बोटं! चेन आखूड होती.

त्यानं पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या चेनीवर मोजलं. मग सूत गळ्यात घातलं.

"आपली नाही."

बाबनराव म्हणाले, "अरे भाई, तीन बोटांनी काय होते?"

"तीन बोटांनी लुगड्याचा काठ वाकडा जाते, काका."

"हे लुगडं नाही बाप्पा!"

पण ताराचंद फाटकाबाहेर गेला होता. मी बाबनरावांना नमस्कार केला अन् सायकलीमागं धावलो.

पुढचे तीन आठवडे आम्ही काय काय पालथं घातलं ते लिहायला बसलो तर वही पुरणार नाही. उमरेडला गेलो, बुटीबोरीला गेलो. टिमकीत त्याच्या घरी मी मुक्कामाला असायचो. त्याची आई रुखमाबाई मला पोळी वाढताना म्हणायची, "तू तरी बसून जेव रे बाबा. यानं तर चौकात उभ्यानं खाल्लं असंल." बाप जाऊन चार वर्षं झाली होती. मागावर आता म्हातारीच बसायची. रिकामा झालेला दुसरा माग कोपऱ्यात तसाच होता, खड्डा फळीनं झाकलेला. घरात शिरताना ताराचंद त्या फळीवर पाय पडू देत नसे. लांब टांग टाकून जायचा.

आणि मग होळीला दहाएक दिवस उरले असताना चेन भेटली! कन्हानकडे एका खाणीच्या मागं, बंद पडलेल्या यंत्राखाली. ताराचंदनं सूत धरलं. पहिली गाठ, पहिली पिन. पाचवी, पाचवी. दहावी गाठ दहाव्या पिनेवर अशी बसली की जणू त्याच चेनीवर मारली होती. तो तिथंच नाचला. मीही नाचलो. खाणीचा चौकीदार आमच्याकडे पाहून दोन पावलं मागं सरकला.

ट्रकमध्ये घालून चेन वावरात आणली. दोन दिवस खपून चढवली. कृष्णकांत बाबूंना निरोप धाडला. ते आले, नारळ फोडला. मनकर्णानं सुद्धा पदर खोचून यंत्राला हात जोडले, "जा बाई एकदाची." ताराचंद वर चढला, उभा राहिला, दांडा ओढला. बुलडोझर हलला. दहा पावलं, वीस पावलं. गावची पोरं ओरडत मागं. साठाव्या पावलाला, मी मोजत होतो, कडाड्कन आवाज झाला.

तीच बाजू. तशीच तुटली. फरक इतकाच की पाव्हणा आता हरभऱ्यातून उठून गव्हात बसला होता.

 कृष्णकांत बाबूंनी तुटलेली पिन उचलून पाहिली. एका अंगानं अर्धी झिजलेली होती, चोखलेल्या हाडासारखी. त्यांनी ती ताराचंदच्या हातात दिली. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "हो गया बेटा. होळीच्या दुसऱ्या दिवशी गाडी येईल न्यायले. तू काही कमी नाही फिरला."

त्याच संध्याकाळी मी ताराचंदला टिमकीला पोचवायला निघालो. एकट्याला सोडवेना. रात्रभर तो सायकल हातात धरून चालत होता, मी बाजूला. सकाळी घरी पोचलो तर रुखमाबाई मागाच्या खड्ड्यात उतरून काहीतरी करत होती. पायफळी ज्या दोरीनं वर टांगलेली असते ती दोरी जुनी झाली होती, ती बदलत होती. तिनं जुनी दोरी सोडली, नव्या दोरीला लावून धरली, आणि विळा उचलला. पण नवी कापली ती जुनीच्या टोकापाशी नाही. चार बोटं अलीकडे.

ताराचंद दारातून पाहत होता. म्हणाला, "आई, कमी कापली वं."

"कमी नाही, बरोबर आहे."

"जुनी तर लांब होती."

म्हातारी हसली. "जुनी लांबच राहीन ना! दिवसभर पाय पडून राहिले तिच्यावर, ताणली ते. जुनीच्या मापानं नवी कापली तर फळी जमिनीले टेकते. तुझ्या बापानं तुले सांगितलं नाही? सांगितलं असंल, तुझे पाय थांबले असतील तर ऐकशील."

ताराचंदचे पाय थांबले होते. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला काही कळेना. त्यानं गळ्यातलं सूत काढलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि एकदम माझा दंड धरला.

"गोविंदा, ते बाबनराव!"

"काय झालं बाबनरावांले?"

"अरे, मी झिजलेल्या चेनीचं माप घेतलं गा! पिना झिजल्या, कडी कडीपासून सरकली, चेन ताणून लांब झाली. नवी आखूडच राहणार! म्हणून ते खाणीतली जुळली. तेही तेवढीच झिजली होती! वाडीची आपलीच होती. मी आपल्या हातानं सोडून आलो!"

टिमकी ते वाडी म्हणजे नागपूरचं एक टोक ते दुसरं टोक. त्या दिवशी ताराचंदनं सायकल कशी हाणली ते कॅरिअरवरच्या माणसालाच ठाऊक. गांधीबागेत एका केळीवाल्याची टोपली गेली. बर्डीच्या चढावर मी म्हटलं उतरतो, तर म्हणे, "उतरू नको, मग थांबावं लागंल!" माझी टोपी तिथंच कुठंतरी आहे.

फाटकात शिरलो तो आवारात ट्रक उभा. सहा हमाल. आणि एकच चेन, अर्धी जमिनीवर, अर्धी ट्रकच्या फळीवर.

"दुसरी?" ताराचंद ओरडला.

बाबनराव खाटेवरून म्हणाले, "सकाळच्या खेपेत गेली. लोखंड गाळणाऱ्या कारखान्यात. वीस वर्षं जागा अडवून होती, तुम्ही पण नाही म्हटलं. मी काय पूजा करू तिची?"

ताराचंदनं पिशवी उलटी केली. इतके दिवस नमुना म्हणून वागवलेली ती एकटी कडी बाहेर पडली. ती उचलून त्यानं नव्या चेनीच्या कडीवर ठेवली. भोकावर भोक आलं. या टोकाचं या टोकाला, त्या टोकाचं त्या टोकाला, केसाचा फरक नाही. कडी झिजत नाही, झिजते ती पिन. दीड महिना खरं माप त्याच्या पिशवीत होतं, आणि तो गळ्यातल्या गाठींवर विश्वास ठेवून फिरत होता.

"काका, ही चेन मले पाहिजे."

"आता कारखानेवाल्याची झाली. गाडी त्याची, हमाल त्याचे. चला रे, उचला."

तेव्हा ताराचंद बसला.

चेनीवर, जमिनीवरच्या अर्ध्या भागावर, मांडी घालून. हमाल म्हणाले उठ, उठला नाही. एकानं खांद्याला धरून हलवला. दुसरा म्हणाला, "अबे, सोबत तोलू का तुले? भाव चांगला येईल!" सगळे हसले. ताराचंदनं मला एवढंच सांगितलं, "बाबूंले घेऊन ये." मी त्याच्या पायांकडे पाहिलं. ते हलत नव्हते. 

मी रामदासपेठेत बाबूंच्या घरी गेलो, ते नव्हते. ते जिथं होते तिथं गेलो, तिथून निघाले होते. त्यांना जीपसकट घेऊन वाडीला पोचलो तेव्हा चार वाजले होते. सकाळी दहाला बसलेला माणूस तसाच होता. डोक्यावर कोणी हमालानं ओला दुपट्टा टाकला होता. बाबनराव त्याच्यासमोर खाट ओढून बसले होते, आणि दोघांमध्ये चहाचे रिकामे पेले. हमाल ट्रकच्या सावलीत झोपलेले.

बाबू म्हणाले, "हीच का ती? तूच तर सांगितलं होतं, माप जुळत नाही."

सहा हमाल जागे होऊन ऐकत होते. ताराचंदनं मान खाली घातली नाही. "मी चुकलो, बाबू. विणकराच्या घरचा असून चुकलो. ताणलेल्याचं माप घेतलं. खाणीतल्या चेनीचे तुमचे पैसे माझ्यामुळं बुडाले." मग कडीवर कडी ठेवून दाखवली. "आता पाहा."

बाबूंनी पाहिलं. बोटानं भोक चाचपलं. "पण एकच आहे ना रे. उजवी बाजू तर जुनीच राहते. ती तुटंल."

उत्तर बाबनरावांनी दिलं. दिवसभरात ते ताराचंदच्या बाजूचे झाले होते. "पिना फिरवून घ्या तिच्या, ठेकेदार साहेब. एकाच अंगानं झिजतात त्या. काढून, कोरा भाग झिजेच्या जागी करून पुन्हा ठोका. दोन-तीन वर्षं कुठं जात नाही." आणि ट्रकवाल्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या मालकाले सांग, वजन भरून देतो, दुसरं लोखंड घेऊन जा."

ताराचंद उठायला गेला अन् पडला. पाय मुंग्या येऊन मेले होते. आम्ही दोघांनी धरून उभा केला तेव्हा तो हसत होता, आणि उभ्या जागी पाय झाडत होता.

होळीला तीन दिवस. त्या तीन दिवसांत आमच्या वावरात घणाचे एवढे आवाज झाले की मनकर्णाची कोंबडी अंडी द्यायची थांबली. दातेरी चाकाचे झिजलेले दात वेल्डिंगनं भरले. उजव्या चेनीची एकेक पिन ठोकून काढली, फिरवली, पुन्हा ठोकली. डावीकडे बाबनरावांची नवी चेन. होळीच्या दिवशी दुपारी बाबू आले. या वेळी नारळ आणला नव्हता.

बुलडोझर हलला. साठाव्या पावलाला माझे डोळे आपोआप मिटले. आवाज आला नाही. उघडून पाहतो तर तो गव्हातून बाहेर निघून धुऱ्यावर चढत होता. पण सरळ नाही. एका बाजूनं नवी चेन, दुसऱ्या बाजूनं जुनी, थोडी लांब. सारखा डावीकडे कलायचा. ताराचंद उभ्यानं दांडा ओढून त्याला सरळ करायचा, तो पुन्हा कलायचा.

बाबू ओरडले, "ताराचंद, वाकडा जाऊन राहिला ना हा!"

वरून आवाज आला, "जाऊन राहिला ना, बाबू!"

 बाबू जीपमध्ये बसले अन् निघून गेले. भंगारवाल्याची गाडी आली नाही. पुढं ऐंशी सालापर्यंत ताराचंद त्याच यंत्रावर होता, उभा. टिमकीतल्या कोपऱ्यातला तो खड्डा त्यानं पुढच्याच वर्षी माती घालून बुजवला, आणि रुखमाबाईनं त्यावर धान्याची कोठी ठेवली.

तलाव त्या जेठातच पुरा झाला. आता तुम्ही पोरं सुटीत येता, बांधावर सायकली फिरवता, आणि मला विचारता की बाबा, बांध मधेच डावीकडे का वळला? सरकारी नकाशात तर सरळ रेघ आहे. आहे ना. नकाशा काढणाऱ्यानं टेपानं मोजला होता.